बुवाचं गिव्ह, झीलकऱ्यांचं अप

आमच्या गावात 'अप', 'ऑफ' आणि 'आऊट' हे इंग्रजी शब्द मारुतीच्या देवळात, खंजिरीवर शिकवले जातात. याला जबाबदार मी आहे.

आधी माझी ओळख. मी वंदना. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी पहिली. माझ्या आधीही आमच्यापैकी एकजण कॉलेजात गेला होता, पण तो प्राचार्यांच्या घरी संत्र्याचं खोकं पोचवायला (मागच्या दाराने). मी पुढच्या दाराने गेले, अकोल्याला, आणि इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. ही गोष्ट मी लोकांना त्यांनी न विचारता सांगते. माणसानं नम्र असावं म्हणतात. असावं ना! ज्यांच्या भिंतीवर आज्यापासूनच्या डिग्र्या टांगलेल्या आहेत त्यांनी खुशाल नम्र असावं. आमच्या भिंतीवर एकच आहे. ती मी दारातून दिसेल अशीच टांगणार!

सध्या मी अमरावतीला एका शिकवणी वर्गात इंग्रजी शिकवते. माझा मोठा भाऊ, दादा, अंजनगाव सुर्जीजवळ आमच्या गावी शेती करतो. पण पंचक्रोशीत त्याला शेतकरी म्हणून कोणी ओळखत नाही. ओळखतात ते खंजिरी भजनातला बुवा म्हणून. आमच्याकडच्या भजनाची रीत अशी, की बुवा अर्धी ओळ म्हणतो, हात वर करतो आणि थांबतो. उरलेली अर्धी मागे बसलेले झीलकरी ओढतात. इतकी वर्षं गाऊन दादाला अर्ध्यावर थांबायची इतकी सवय झाली आहे, की घरातसुद्धा तो एकही वाक्य पूर्ण करत नाही. ओट्यावरून म्हणतो, "चहा..." आणि हात वर करतो. आतून वहिनी ओढते, "...ठेवला!" दादा म्हणतो, "म्हशीले पानी..." वहिनी म्हणते, "...पाजलं, तुमी बसा!" त्यांचा संसार असा अर्धा-अर्धा, पण तालात चालला आहे.

तर या तालात मध्येच इंग्रजी शिरली, ती गौरीमुळे. गौरी माझी भाची. (म्हणजे दादाची मुलगी.) चौथी झाल्यावर तिने अमरावतीच्या एका मोठ्या इंग्रजी शाळेची परीक्षा दिली आणि पास झाली. राहायची सोय माझ्याकडे होतीच. राहिली होती फक्त पालकांची भेट, आणि ती इंग्रजीत! आमच्याच गावातल्या एका पोरीचं आदल्या वर्षी इथेच अडलं होतं. आईबाप खालमानेनं गप्प बसले, आणि शाळेच्या मॅडमला वाटलं, पोरीला शिकवायचं यांच्या मनातच नाही.

दादाचा फोन आला. "वंदे, पोरगी पास झाली व. पन आता आमी नापास होतो. तिले तूच समजावून सांग."

"काहून नापास? मी कशाले शिकली मंग?"

"तू शिकली. आमी कुठी शिकलो?"

"मी शिकवतो ना तुमाले!" (गावाशी बोलताना माझी बी.ए. गळून पडते.)

शनिवारी एस.टी.ने गावी गेले. जाताना वाटेत मी विचार केला, आणि शिकलेल्या माणसाचा हाच फायदा असतो, की तो विचार करतो. शाळेला पालकांची भीती कसली असते? पोरगी मध्येच काढून नेतील, कापूस वेचणीला नेतील, लग्न ठरवतील, सुट्टीवरून परतच आणणार नाहीत. म्हणजे प्रश्न सगळे 'असं कराल का?' आणि उत्तर सगळ्यांना एकच: 'नाही करणार.' मग अख्खी इंग्रजी कशाला शिकवायची? एक नकारार्थी भविष्यकाळ शिकवला की पोरगी शाळेत! 'वी विल नॉट' एवढं कोरून घेतलं की अर्धा गड सर. मला स्वतःच्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं, की माझा थांबा निघून गेला आणि कंडक्टरने मला पुढच्या फाट्यावर उतरवलं.

'वी विल नॉट' दोघांनी जेवता जेवता पाठ केलं. घोडं अडलं ते पुढे.

"वहिनी, इंग्रजीत क्रियापदाला शेपूट असतं," मी सांगितलं. "गिव्ह म्हणजे देणं. पण गिव्ह अप म्हणजे हार मानणं. टेक म्हणजे घेणं. टेक आऊट म्हणजे बाहेर काढणं. शेपूट बदललं की अर्थ बदलला."

"म्हनजे बैलाले दुसरं शेपूट लावलं का त्याची म्हैस?"

"तसंच समजा."

"आन् दूध?"

"वहिनी!"

"नाई बाई, इचारलं. आपल्याकडे भी असंच हाये म्हना. करून टाकलं, करून ठेवलं, करून बसला. करनं एकच, पन करून बसला म्हनजे गेलंच काम!"

वहिनीला समजलं. पण समजणं वेगळं आणि तोंडातून निघणं वेगळं. दादा 'वी विल नॉट गिव्ह आऊट' म्हणायचा, मग मी ओरडले की घाबरून 'वी विल नॉट टेक हर अप' म्हणायचा. शेपटं सगळी सुटली होती, जनावरं सगळी उधळली होती. वहिनीचं उलटं. तिला शेपटं बरोबर आठवायची, पण तिथपर्यंत पोचायचं कसं हे कळत नव्हतं. शेवटी दादाने कंटाळून खुंटीवरची खंजिरी काढली आणि तिच्यावर बोटं आपटत म्हणाला, "वी विल नॉट गिव्ह..." आणि सवयीनं हात वर करून थांबला.

चुलीजवळून वहिनी म्हणाली, "...अप!"

मी उभीच राहिले. इंग्रजीच्या इतिहासात हे कोणालाच सुचलं नव्हतं! क्रियापद बुवाचं, शेपूट झीलकऱ्यांचं!

"दादा, तू फक्त पुढचं म्हन. वहिनी, तुमी फक्त शेपूट. मुलाखतीत दोघं बाजूबाजूले बसान. तू सोड, त्यांनी झेलाचं. बस!"

"जोडीनंच बसवतेत ना?" वहिनीने विचारलं.

"जोडीनंच!" मी म्हणाले. (सत्यनारायणाला जोडीनं बसवतात, तर शाळा कशी वेगळी बसवेल? हा माझा अंदाज होता. मी बी.ए. असल्यामुळे त्याला चौकशी समजण्यात आलं.)

त्या दिवसापासून गाडी सुसाट. 'वी विल नॉट टेक हर...' 'आऊट!' 'वी विल नॉट लेट हर...' 'डाऊन!' 'वी विल नॉट पुट इट...' 'ऑफ!' 'वी विल नॉट रन...' 'अवे!' दादाने त्याला चालही लावली, आणि चाल लागली म्हटल्यावर ते घरात कसं राहील? संध्याकाळी देवळात भजन संपलं की दादा सराव म्हणून दोन-चार ओळी म्हणायचा आणि मागचं अख्खं मंडळ ओढायचं. मंडळात सगळ्यात जुने नारायणकाका. टाळ वाजवताना त्यांचे डोळे मिटतात ते आरतीलाच उघडतात. मी पुढच्या शनिवारी गेले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"वंदे, हे कोन्या संताचं व?"

"काका, हे संताचं नाई. इंग्रजीचं व्याकरन हाये."

"असन. पन चाल गोड हाये. त्या 'अप'ले तर अंगावर काटा येते बापा!"

एक म्हातारी 'अप'ला हात जोडते हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिला मी काही सांगितलं नाही. श्रद्धेच्या आड माझी डिग्री आणू नये, एवढं मला कळतं.

भेटीच्या दिवशी मी बसस्टँडवर त्यांना घ्यायला गेले, तर एस.टी.तून कोणी उतरलंच नाही. मग फाटकाबाहेर एक काळीपिवळी जीप थांबली. तिच्यातून दादा उतरला, वहिनी उतरली, गौरी उतरली, आणि पाठोपाठ अख्खं भजनी मंडळ उतरू लागलं! शेवटी नारायणकाका, टोपी सावरत.

"काका, तुमी कशाले?"

"बुवा चालला अन् झील घरी, असं झालं का कधी? पोरगी काय एकट्या दादाची हाये?"

"पन तुमाले आत नाई घेत."

"आमी भायेर बसतो ना. निंब असनच एखादा. आवाज नाई करत, शपथ!"

"मंग हे टाळ?"

काकांनी पिशवी मागे लपवली. "ते सवयीनं येते सोबत."

शाळेत निंब होता. (नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती.) मंडळ त्याच्या सावलीत, माझ्या धाकाने, हाताची घडी घालून बसलं. आम्ही व्हरांड्यात. मी दादाची कॉलर नीट केली, वहिनीच्या कानात शेवटची उजळणी केली आणि गौरीला म्हणाले, "घाबरू नको. तुझी आत्या आहे ना!"

तेवढ्यात शिपाई आला आणि म्हणाला, "आई या खोलीत. वडील त्या खोलीत."

"जोडीनं नाही?" मी विचारलं.

"नाही मॅडम. वेगळेवेगळेच असतात इथं."

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने दादाकडे पाहिलं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या सुविचाराकडे पाहिलं. डोकी एका खोलीत गेली आणि शेपटं दुसऱ्या!

व्हरांड्यातल्या बाकावर दोन दारांच्या मधोमध मी आणि गौरी. दारं उघडीच होती, आणि दोन्हीकडचं स्पष्ट दिसत होतं, ऐकूही येत होतं, हे माझं दुर्दैव. वहिनीच्या खोलीत एक तरुण बाई होत्या, आवाज अगदी गोड.

"व्हॉट इज युवर गुड नेम, मॅडम?"

वहिनीने पदर सावरला. मग वहिनी, ठामपणे: "अप."

"सॉरी?"

वहिनीला वाटलं, चुकलं. "आऊट."

"मॅडम, युवर नेम?"

"ऑफ!" वहिनी म्हणाली. मग एकदाची सगळी मूठच मोकळी केली: "डाऊन! अवे!" आणि हात झटकून, स्वच्छ मराठीत: "बाई, माह्याकडचे संपले. आता पुढचं त्यायच्याकडे हाये, तिकडच्या खोलीत."

गौरीने तोंडावर ओढणी घेतली.

तिकडच्या खोलीत मुख्याध्यापिका होत्या. चष्मा, पांढरे केस, आणि आवाज असा, की खिडकीसुद्धा सरळ उभी राहावी. त्यांनी विचारलं, "विल यू टेक हर आऊट ऑफ स्कूल इन द मिडल?"

हाच तो प्रश्न! माझा अंदाज शंभर टक्के बरोबर! (हे मी आजही सगळ्यांना सांगते.) दादानेही 'टेक' ओळखलं. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "वी विल नॉट टेक हर..."

आणि हात वर करून थांबला.

मॅडम थांबल्या. दादा थांबला. घड्याळ तेवढं चालू होतं.

"येस?" मॅडम म्हणाल्या.

आता बुवाचा एक नियम आहे. मागून झील आली नाही, तर ओळ सोडायची नाही. आवाज चढवून पुन्हा म्हणायची. दादाने चढवला. "वी विल नॉट टेक हर...!" काही नाही. मॅडमनी पाण्याचा ग्लास दादापुढे सरकवला. दादाने तो बाजूला ठेवला, टेबलाची कड खंजिरीसारखी धरली, तिच्यावर थाप मारली, आणि यात्रेत बिनमाईकचा गातो त्या पट्टीत सोडलं:

"वी विल नॉट टेक हर...!!!"

निंबाखालून, टाळासकट, अख्खं मंडळ:

"आऊट!"

कौलांवरची कबुतरं उडाली. दादाचा चेहरा असा उजळला, जणू हरवलेला बैल गोठ्यात दिसला. मग त्याला कोण आवरणार?

"वी विल नॉट गिव्ह...!"

"अप!" निंबाखालून. आणि शेजारच्या खोलीतून वहिनी, अर्धा श्वास उशिरा: "अप!"

"वी विल नॉट लेट हर...!"

"डाऊन!" आता निंब, वहिनी आणि वरच्या मजल्यावरचा एक अख्खा वर्ग! त्या पोरांना वाटलं, शाळेने काहीतरी नवीन सुरू केलं.

शिपाई निंबाकडे धावत गेला आणि चालत परत आला. "ते म्हणतात, बुवा थांबल्याबिगर झीलले थांबता येत नाही."

गौरी ओढणीच्या आतून म्हणाली, "आत्या, तू काहून शिकली व?"

मी तिची ओढणी सारखी करायला घेतली. तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. मागे दादा, पलीकडच्या दारातून वहिनी. मॅडमनी चष्मा काढला.

"हे यांना कोणी शिकवलं?"

दादाने अभिमानाने माझ्याकडे बोट केलं. "आमची बहीन, मॅडम. बी.ए. हाये!"

"इंग्रजी घेऊन!" वहिनीने ओढलं.

माझी डिग्री कुठेतरी लपवावी, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. मॅडमनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि दादाकडे वळल्या. आता मराठीत.

"भाऊ, वाक्यं पाठ आहेत तुमची. पण अर्थ माहीत आहे का? दरवर्षी लोक पाठ करून येतात, आणि दोन वर्षांनी पोरगी काढून नेतात. मला पाठांतर नको."

मी पुढे सरकले. "मॅडम, ॲक्च्युअली..."

"तुम्ही नाही. ते सांगतील."

गौरीने माझा हात धरला. आता चाल नव्हती, खंजिरी नव्हती, बी.ए. नव्हती. दादाने टोपी काढून हातात घेतली.

"माहीत हाये मॅडम. पोरगी मधातून काढनार नाई. वेचनीले मानूस नाई भेटला तरी नाई. कोनी चांगलं स्थळ आनलं, तरी आधी शाळा. परीक्षा पुढं ढकलून लग्नाले नेनार नाई. तिले जड गेलं तर आमी हात टेकनार नाई. अन्..."

आणि सवयीनं हात वर करून थांबला!

मी डोळे मिटले. पण वहिनी होती ना. पदर सारखा करत, हळू आवाजात, तिने ओढलं:

"...अन् तिले एकटं पडू देनार नाई."

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांचा आवाज बदलला. खिडकी सैल पडली म्हणा ना.

"तुमी घरी भी असेच बोलता का व?"

तेव्हा कळलं, मॅडम आमच्याकडच्याच! वहिनी लाजून म्हणाली, "हाव. यायले एकट्यानं पुरं बोलताच नाई येत."

मॅडम गौरीसमोर वाकल्या. पुन्हा इंग्रजीत: "अँड यू? इट विल बी डिफिकल्ट. विल यू गिव्ह अप?"

गौरीने ओढणी खाली केली. माझ्याकडे पाहिलं नाही, बापाकडे पाहिलं नाही. मॅडमच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "नो मॅडम. आय विल नॉट गिव्ह अप."

एका दमात! डोकं आणि शेपूट दोन्ही एकाच तोंडातून निघालेलं दादाच्या घरातलं ते पहिलं इंग्रजी वाक्य. मी आजवर खूप वाक्यं शिकवली आहेत, पण त्या वाक्याला माझ्या डिग्रीशेजारी चौकट करून लावावं असं वाटलं. निंबाखाली शांतता होती. ओढायला पोरीने काही ठेवलंच नव्हतं.

थोड्या वेळाने नारायणकाकांचा आवाज आला, "अन् आमच्यासाठी काईच नाई ठेवलं पोट्टीनं!"

गौरीला प्रवेश मिळाला. आता ती माझ्याकडे राहते, आणि माझी इंग्रजी तपासते.

गोष्ट खरं तर इथे संपायला हवी, पण शाळेचं स्नेहसंमेलन आलं. वरच्या मजल्यावरची ती पोरं अजून ते 'टेक हर आऊट' गातच होती, म्हणून मॅडमनी दादालाच मंडळासकट स्टेजवर बोलावलं. दादाला माईक, काकांना हार, वहिनीला पहिल्या रांगेतली खुर्ची. मी दादाला म्हणाले, "दादा, हे सगळं बनवलं कोनी? मी काय करू?"

"तू टाळ घेऊन मागं उभी राह्य. 'अप' तुले."

म्हणजे पाहा! इंग्रजी घेऊन बी.ए., आणि त्या अख्ख्या समुद्रातून माझ्या वाट्याला एक 'अप'. बरं, तोही मी मान ताठ करून, पोटातून, सगळ्यांच्या आधी सोडला. दादा 'लेट हर'वर थांबला होता, म्हणजे पाळी 'डाऊन'ची होती.

सगळं सभागृह हसलं. काकांनी मिटलेले डोळे आरतीच्या आधीच उघडले, माझ्या हातातला टाळ हलकेच काढून घेतला, आणि कानाशी म्हणाले, "वंदे, शनिवारच्या शनिवार देवळात येत जाय. सुधरन तुयी इंग्रजी."